पीएलसीची मेमरी: लाईट गेल्यावर उघड्या पडणाऱ्या या चुका टाळा

प्रोग्रॅम टेबलावर चालतो, मशीनवरही चालतो, आणि लाईट गेली की बोंब होते. मग दोष पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला. चूक बहुतेक वेळा मेमरीतला पत्ता निवडण्यात असते.

टिकणारा आणि पुसला जाणारा भाग न बघणे

मित्सुबिशीच्या एफएक्स३यू पीएलसीमध्ये मूळ सेटिंगला डी० ते डी१९९ (आकडे ठेवायचे रजिस्टर) आणि एम० ते एम४९९ (चालू-बंद बिट) पॉवर जाताच पुसले जातात, पीएलसी स्टॉपला नेला तरीही. डी२०० आणि एम५०० पासून पुढचे टिकतात. मॅन्युअलमधला हा तक्ता उघडायचा कंटाळा नवशिक्यांना फार महागात पडतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल युनिटचं डाइंग मशीन घ्या. ६० अंशांवर ६० मिनिटांचा होल्ड; वेळ सी० या न टिकणाऱ्या काउंटरवर, स्टेपचा बिट एम१०. होल्ड चालू असताना लाईट गेली. जनरेटर लागला, ऑपरेटरनं स्टार्ट दाबलं आणि मशीन पहिल्या स्टेपपासून निघालं. सोडा ॲश दुसऱ्यांदा डोस झाला, लॉटची शेड गेली. त्यानंतर एसएमपीएस (पॅनेलचा पॉवर सप्लाय) बदलला, अर्थिंग तपासलं. पत्ते कुणीच बघितले नाहीत.

स्टेप नंबर डी५१२ च्या पुढे ठेवा. टी२५० हा टायमर रिटेंटिव्ह, म्हणजे लाईट गेली तरी टिकणारा आहे, पण तो ३२,७६७ पर्यंतच मोजतो, म्हणजे साडेचोपन्न मिनिटं. म्हणून होल्डसाठी एम८०१३ चा एक सेकंदाचा पल्स सी१०० या टिकणाऱ्या काउंटरला द्या, सेटिंग के३६००. सी१०० चा रिसेट आधीच्या हीटिंग स्टेपमध्ये घ्या. होल्ड स्टेपच्या राइजिंग एजवर (स्टेप चालू होण्याच्या क्षणी) घेतलात, तर लाईट परत आल्यावर ती एज पुन्हा येते आणि मोजलेलं सगळं जातं. पंप आणि स्टीम व्हॉल्व्ह मात्र आपोआप कधीच सुरू होऊ देऊ नका. ऑपरेटरनं बटण दाबल्यावरच.

सिम्युलेटरवर चाललं म्हणून बिल लावणाऱ्यांनी आधी नुसत्या पाण्यावर बॅच लावावी आणि प्रत्येक स्टेपमध्ये पॅनेलचा एमसीबी पाडून बघावा.

३२ बिटचा शेजारी विसरणे

एक डी रजिस्टर १६ बिटचं असतं. डीमूव्हनं (३२ बिटची कॉपी करणारी सूचना) डी६०० मध्ये टोटल मीटर ठेवले की डी६०१ सुद्धा गेला. तिथं नंतर कुणी सेटपॉइंट म्हणून १ लिहिला, की टोटलमध्ये ६५,५३६ ची भर. ३२ बिटला कायम सम नंबर द्यावा आणि शेजारच्याच्या कॉमेंटमध्ये ‘वापरू नये’ लिहावं. सीमेन्समध्येही तेच: एमडब्ल्यू१० (दोन बाइटचा वर्ड) नंतर थेट एमडब्ल्यू१२, कारण एमबी११ हा बाइट एमडब्ल्यू१० आणि एमडब्ल्यू११ या दोघांतही येतो.

बॅटरीचा दिवा दुर्लक्षित करणे

एफएक्स३यूला मेमरी कॅसेट नसेल तर प्रोग्रॅमसुद्धा बॅटरीवरच जगतो. पाच वर्षांचं आयुष्य २५ अंशांना धरलेलं आहे. सोलापुरी मे महिन्यात पत्र्याच्या शेडखालच्या पॅनेलला ते लावू नका, तीन वर्षांत बदला. आधी प्रोग्रॅम, पॅरामीटर आणि डिव्हाइस मेमरी लॅपटॉपवर घ्या. मग सप्लाय बंद करा आणि जुनी काढल्यापासून २० सेकंदांत नवी लावा.

सीमेन्स एस७-१२०० वाल्यांसाठी

डीबीमध्ये (डेटा ब्लॉकमध्ये) रिटेनची टिक विसरू नका. डीबीची रचना बदलून डाउनलोड करण्याआधी चालू व्हॅल्यूंचा स्नॅपशॉट घेऊन तो स्टार्ट व्हॅल्यूंमध्ये कॉपी करा, नाहीतर रेसिपी जुन्या स्टार्ट व्हॅल्यूवर जाते. आणि राइट-डीबीएल (डीबी फ्लॅश मेमरीत लिहिणारी सूचना) प्रत्येक स्कॅनला चालवू नका, फ्लॅश मेमरीच्या लिहिण्याला मर्यादा असते.