गावात 'चोर पकडला' असा आरडाओरडा झाला तर काय करायचं

पहिलं काम म्हणजे ११२ ला फोन लावा, व्हिडिओ नंतर, खरं तर नकोच. मग पोलीस पाटलांना बोलवा, आणि पकडलेल्या माणसाला गर्दीतून बाहेर काढून बसवा. पण नुसतं खोलीत कोंडून भागत नाही हं, १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून ज्या ५ जणांना मारलं ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते आणि त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीतच मारलं, म्हणून दारात गावातली ऐकली जाणारी चार माणसं उभी करा, बायका असतील तर अजून बरं.

आता कायदा. तुमच्या डोळ्यांसमोर गंभीर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही असा) झाला तर तुम्हीपण माणसाला धरू शकता, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तसं सांगतं, पण उशीर न करता, जास्तीत जास्त ६ तासांत त्याला पोलिसांकडे द्यायचं. धरायचं एवढंच, चोप द्यायचा नाही. आणि व्हॉट्सॲपवर आलेलं म्हणजे डोळ्यांसमोर झालेलं नव्हे!

'पोलीस काही करत नाहीत' असं कोणीतरी म्हणणारच, आणि बऱ्याचदा त्यात तथ्य असतं, मी नाही म्हणत नाही. तरी त्याला एकच विचारा, माणूस चुकीचा निघाला तर काय करणार? तक्रार घेत नसतील तर एसपींकडे लेखी अर्ज द्या, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जा, वेळ लागतो, पण जा.