डांबर पडायच्या आधी चुना टाका

बांधकाम खात्यात मी नुकताच कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो होतो. परभणीकडच्या एका रस्त्यावर जुन्या भेगांवरच आम्ही २० मिमीचं कार्पेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, अंथरलं. पहिले काही महिने रस्ता नुसता चकचकीत. पुढच्या उन्हाळ्यात त्याच भेगा त्याच जागी वर आल्या, खालचं चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवल्यासारख्या. खालचा थर हलला की वरचा तिथंच फाटतो, हे मी तेव्हा शिकलो.

म्हणून नवा थर टाकायच्या आधी रस्ता पायी चाला. पाऊस उघडल्यावर तासाभरानं, भेगांवर खुणा करायला हातात चुन्याची पिशवी घेऊन. वरचा भाग वाळलेला असतो, पण भेगांत ओल राहिल्यानं त्या काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. जीपमधून यातलं काही दिसत नाही.

मगरीच्या पाठीसारखी जाळी दिसली तर तिथला पायाच गेलेला असतो. तिथं वरून काही ओतू नका. जाळीच्या बाहेर वीतभर जागा सोडून चौकोन आखा, कडा उभ्या कापा, घट्ट थर लागेपर्यंत खाली जा आणि थराथरानं दाबत भरून या. ठेकेदार म्हणेल, "साहेब, वरचा थर जाड देऊ की!" ऐकू नका.

सुट्या भेगांचं सोपं आहे. ३ मिमीच्या आतल्या बारीक भेगांवर इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, पातळ हात पुरतो. रुंद भेगांतली माती कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवा. झाडूनं ती आणखी आत जाते. मग रबर मिसळलेलं गरम डांबर ओता, पण काठोकाठ नाही, दोन-तीन मिमी खालीच थांबा. वर उरलेलं डांबर नव्या थराच्या गरम डांबर-खडीच्या मालाखाली फुगतं, रोलरपुढं सरकतं आणि तिथं उंचवटा येऊन आडवी चीर पडते. हे मला एका रोलर ड्रायव्हरनं दाखवलं.

काळ्या रानातली कडेची लांब भेग मात्र चिवट. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रस्त्याची कड ओढून नेते. त्यात ३.७५ मीटरचा रस्ता ५.५ मीटर केलेला असेल, तर जुन्या-नव्याचा जोड हमखास उघडतो. रुंदीकरणातच जुन्या कडेला पायऱ्या कापून नवा भराव त्यात गुंतवा, जोड चाकाच्या वाटेवर येऊ देऊ नका, वर जिओग्रिड (मजबूत जाळी) टाका. एवढं करूनही भेग कायमची थांबते असं नाही, पण बरीच उशिरा येते.

टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटवणारा इमल्शनचा हात, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. तपकिरी इमल्शन काळं पडेपर्यंत डंपर आत सोडू नका. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल पसरताना १४० अंशांखाली नको आणि तो ९० अंशांखाली उतरण्यापूर्वी रोलिंग संपवा. थर्मामीटर स्वतःच्या खिशात ठेवा, डंपरवर ताडपत्री आहे का बघा.

साइडपट्टीचा मुरूम लगेच डांबराच्या पातळीला भरा, उतार बाहेरच्या बाजूला द्या. आणि काम सुरू होण्याआधी दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना विचारा, पाइपलाइन कुणाला न्यायचीय? त्यांच्यासाठी आधीच आडवे सिमेंट पाइप टाकून ठेवा. माझ्या एका रस्त्यावर रोलर गावाबाहेर पडला त्याच रात्री तीन चर खोदले गेले होते.