कामाचं ॲप खरंच उपयोगी पडतंय का? अडीच महिन्यांत छडा लावा

वेळ नोंदवणारं, कामांची यादी ठेवणारं किंवा सवयींच्या खुणा करायला लावणारं ॲप उपयोगी आहे का, हे त्याच ॲपच्या आलेखावरून ठरवू नका. सलग २१ हिरव्या खुणा पडल्या म्हणजे २१ दिवस ॲप उघडलं, एवढंच. साक्ष बाहेरची हवी.

१. एकच आकडा ठरवा, तोही ॲप नसताना मोजता येईल असा. जळगावातल्या कर सल्लागाराने पक्षकाराची बिलं हातात पडल्यापासून विवरणपत्र भरेपर्यंतचे दिवस मोजावेत. सावद्याच्या केळी व्यापाऱ्याने गाडी भरल्यापासून शेतकऱ्याचा हिशेब तयार होईपर्यंतचे तास. किराणा दुकानदाराने रोजमेळ जुळवून शटर ओढण्याची वेळ. चार आकडे घेतले की एखादा सुधारतोच आणि मन त्यालाच धरून बसतं.

२. पहिला पंधरवडा ॲपशिवाय, आकडा वहीत.

३. आता तुलना. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

नवं ॲप आलं की सुरुवातीचे दिवस काम सुधारतंच. आपल्यावर लक्ष आहे म्हटलं की माणूस नीट वागतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४पासून झालेल्या प्रयोगांवरून याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. म्हणून 'आठवडाभर वापरून बघा' हा सल्ला कानाआड करा. त्या आठवड्यात फक्त नवलाई मोजली जाते.

दुसरा घोळ तारखांचा. दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ची (विक्रीच्या तपशिलाची) मुदत ११ तारखेला, जीएसटीआर-३बीची (गोषवारा आणि कर भरण्याची) २० तारखेला. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याची दुसऱ्याशी तुलना केलीत तर ॲपचा नव्हे, मुदतीचा परिणाम दिसेल. त्यापेक्षा असं करा: १ ते १४ जुलै ॲपशिवाय मोजा. १५ जुलैला ॲप सुरू करा, पण ३१ जुलैपर्यंतचे आकडे धरूच नका. १ ते १४ ऑगस्ट मोजा. १५ ऑगस्टला ॲप बंद. १ ते १४ सप्टेंबर पुन्हा मोजा. कानबाई, पोळा, गणपती यांच्या सुट्या मध्ये येणारच, म्हणून बेरजा जुळवू नका. दर दिवसाची, दर गाडीची किंवा दर पक्षकाराची सरासरी काढा.

तिसरा घोळ ऋतूचा. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो, दुपारी काम रेंगाळतं. मेमध्ये मोजून जूनअखेर ॲप घेतलं तर पावसाचं श्रेय ॲपला जातं.

ॲप बंद ठेवण्याचा टप्पा गाळू नका, सगळा निकाल त्यावर आहे. ऑगस्टमध्ये सुधारलेला आकडा सप्टेंबरमध्ये पुन्हा बिघडला, तर ॲप खरंच आधार देत होतं. सुधारलेलाच राहिला, तर सवय लागली आणि ॲपची गरज संपली. ऑगस्टमध्येच हलला नसेल, तर पुढचं बघायलाच नको.

४. स्वतःची ओळख वाढली का, हे वेगळं तपासायचं. ॲप सुरू असताना रोज संध्याकाळी नोंद उघडण्याआधी कागदावर अंदाज लिहा, मगच नोंद बघा. 'मंगळवार: अंदाज ४ तास, नोंद २ तास ३५ मिनिटं.' फरक ८५ मिनिटं. हा फरक आठवड्यागणिक आकसत गेला तर दिवस कुठे जातो हे तुम्हाला कळू लागलंय. शेवटच्या आठवड्यातही तेवढाच राहिला तर ॲपला सगळं माहीत आहे, तुम्हाला नाही. क्रम उलटा करू नका. आकडा दिसल्यावर केलेला अंदाज हा अंदाज नसतो.

५. ॲपला भरवलेला वेळ वजा करा. रोज १५ मिनिटं नोंदी केल्या तर २६ दिवसांत साडेसहा तास जातात. सुधारणेतून तेवढे तासही सुटत नसतील तर तो तोट्याचा व्यवहार आहे.

६. निकाल विरुद्ध लागला तर ॲप काढा. पण आधी नोंदी उतरवून घ्या आणि वर्गणीचं ऑटोपे रद्द करा. फोनवरून ॲप पुसल्याने ऑटोपे थांबत नाही, पैसे कापले जातच राहतात. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती उघडून एकेक नाव तपासा.