कँडी क्रशसारखे गेम: डोकं कुठे लागतं, खिसा कुठे

रंगीत तुकडे जुळवायच्या गेमचा नियम समजायला दहा सेकंद पुरतात. शेजारच्या दोन घरांची अदलाबदल करायची, एका रंगाचे तीन एका रेषेत आले की ते फुटतात आणि वरचे खाली पडतात. १९९४ मध्ये रशियात डॉस संगणकासाठी आलेल्या ‘शारिकी’त हाच नियम होता. २००१ च्या ‘बिज्वेल्ड’ने तो जगभर नेला. २०१२ मध्ये ‘कँडी क्रश सागा’ आला आणि मोजक्या चाली, पाच लाइफ (हरलं की एक जातं) आणि बूस्टरचं, म्हणजे लेव्हल सोपी करणाऱ्या साधनांचं, दुकान घेऊन तो घराघरातल्या मोबाइलमध्ये शिरला.

या गेमची ताकद पटावर आहे आणि कमजोरी पटाभोवतीच्या दुकानात. लेव्हल अडकली की आपण चुकलो, नशीब फिरलं की लेव्हलच तशी बनवली आहे, हे स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपल्यालाच ओळखावं लागतं.

पहिली चाल करण्याआधी

आधी रंग मोजा. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि लेव्हल किती अवघड आहे ते सगळ्यात जास्त इथेच कळतं. वरून येणारे तुकडे कुठल्याही रंगाचे असू शकतात असं धरलं, तर ठरावीक तीन घरं एकाच रंगाची होण्याची शक्यता चार रंगांत १६ मध्ये १, पाच रंगांत २५ मध्ये १ आणि सहा रंगांत ३६ मध्ये १ असते. चार रंगांच्या लेव्हलमध्ये आपोआप फुटत जाणाऱ्या साखळ्या भरपूर मिळतात, म्हणून तिथे तळाशी खेळा. पडझड जितकी जास्त तितकं चांगलं. सहा रंगांत साखळीची वाट बघण्यात चाली संपतात. तिथे स्पेशल तुकडे (चार-पाच जुळवून मिळणारे जास्त ताकदीचे तुकडे) मांडूनच बनवावे लागतात.

मग कोपरे बघा. कोपऱ्यातल्या घरातून तीनची रेष दोनच प्रकारे जाते, एक आडवी आणि एक उभी. कडेच्या मधल्या घरातून ती चार प्रकारे जाते, पटाच्या मधल्या घरातून सहा प्रकारे. कोपऱ्यात जेली (घरावरचा थर, त्या घरातला तुकडा फुटला की निघणारा) असेल तर ती शेवटी राहते ती यामुळेच. सुरुवातीचे पट्टेवाले तुकडे (आख्खी रांग साफ करणारे) त्या कोपऱ्याच्या रांगेत खर्च करा, मधली जेली खेळता खेळता निघते.

स्पेशल तुकडे: बनवणं आणि वापरणं

‘कँडी क्रश’मध्ये चार एका रेषेत आले की पट्टेवाली कँडी मिळते, ‘एल’ किंवा ‘टी’ आकारात पाच आले की गुंडाळलेली, आणि सरळ रेषेत पाच आले की कलर बॉम्ब, जो एका रंगाच्या सगळ्या कँड्या फोडतो. पट्ट्यांची दिशा बोट कुठल्या दिशेला सरकवलं त्यावर ठरते. आडवं सरकवलं तर पट्टे आडवे येतात आणि आडवी रांग साफ होते. एकच जोडणी दोन बाजूंनी करता येत असेल, तर कुठली रांग साफ व्हायला हवी ते बघून बाजू निवडा.

कलर बॉम्ब बनवायची मांडणी नीट समजून घ्या. आडव्या रांगेत दोन लाल, मध्ये दुसऱ्या रंगाचं एक घर, पुन्हा दोन लाल, आणि त्या मधल्या घराच्या बरोबर वर किंवा खाली पाचवा लाल. तो मध्ये सरकवला की बॉम्ब तयार. ही मांडणी बिघडते ती खालच्या चालीमुळे. या पाच उभ्या रांगांपैकी एकीत खाली काही फुटलं की ती रांग तेवढी घरं खाली घसरते आणि दोन-एक-दोनची ओळ तुटते. मांडणीच्या वर काही फुटलं तर तिला धक्का लागत नाही. म्हणून ‘नेहमी तळाशी खेळा’ हा प्रसिद्ध सल्ला अर्धाच बरोबर आहे. पटावर काही मांडलेलं नसेल तर तळाशी खेळा. मांडणी अर्धवट असेल तर तिच्या वर किंवा दूरच्या रांगांत.

कलर बॉम्ब हातात आला की लगेच साध्या कँडीला लावू नका. पट्टेवालीला लावला तर त्या रंगाच्या सगळ्या कँड्या पट्टेवाल्या होऊन फुटतात. पट्टेवाली आणि गुंडाळलेली एकत्र केली तर तीन आडव्या आणि तीन उभ्या रांगा जातात. दोन स्पेशल शेजारी आणायला तीन-चार चाली गेल्या तरी सहसा परवडतं.

थोडा वेळ थांबलं की गेम एखादी जोडी हलवून दाखवतो. ती चाल चालणारी असते एवढंच. तीच सर्वोत्तम असेल असं समजू नका.

सगळं आधी मोजून खेळण्याच्या नादाला मात्र लागू नका. चालींचा सर्वोत्तम क्रम शोधणं संगणकालाही कठीण असलेल्या गणितांच्या वर्गात बसतं, हे संगणकशास्त्रज्ञ टोबी वॉल्श यांनी २०१४ मध्ये सिद्ध केलं. शिवाय वरून काय पडणार ते आपल्याला दिसत नाही. दोन चाली पुढचं बघितलं तरी खूप झालं.

अडकल्यावर

प्रत्येक प्रयत्नानंतर किती लक्ष्य (जेली वगैरे) उरलं तो आकडा लक्षात ठेवा. १२, ९, ११ असे जवळजवळचे आकडे आले तर पद्धत चुकते आहे. वेगळ्या बाजूनं सुरुवात करा. ३, १४, १, १० असे उड्या मारत असतील तर पट नशिबावर आहे, तो कधीतरी सुटेल. अशा लेव्हलवर पैसे घालणं सगळ्यात वाईट, कारण विकत घेतलेल्या चालींवरही तेच नशीब चालतं.

‘आणखी पाच चाली’ची ऑफर आली की साधा हिशेब करा: साखळी धरली नाही तर पाच चालींत तीन-तीन म्हणजे पंधरा तुकडे. त्यातले लक्ष्यावर पडणारे किती? दोन-तीन जेली वेगवेगळ्या कोपऱ्यांत असतील तर पाच चाली पुरत नाहीत. हा पॉप-अप नेमका ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटताना येतो. तो बंद करायची खूण बारीक असते, ती शोधा.

लाइफ अर्ध्या तासाला एक भरतं, म्हणजे पाच भरायला अडीच तास. जिंकल्यावर लाइफ जात नाही. बऱ्याच गेममध्ये पहिली चाल करण्याआधी बाहेर पडलं तरी जात नाही, त्यामुळे सुरुवातीचा पट अगदीच वाईट असेल तर परत उघडता येतो. आपल्या गेममध्ये तसं आहे का, ते एकदा करून बघा.

लाइफची कटकट नको असेल तर ‘ब्लॉक ब्लास्ट’च्या जातीचे गेम आहेत: आठ बाय आठचा पट, एका वेळी तीन आकार, ते बसवून रांगा भरायच्या, आकार फिरवायची सोय नाही. तिथे तीन बाय तीनची जागा कायम मोकळी ठेवा, कारण नऊ घरांचा चौकोन येतो आणि बसायला जागा नसली की डाव संपतो. पण तिथे थांबायची जागाच नाही. लाइफ संपलं की फोन खाली ठेवावा लागतो, हा ‘कँडी क्रश’चा गुणच म्हणायला हवा.

फोनवरची तयारी

मेट्रोत खेळणार असाल तर घरीच एअरप्लेन मोड लावून गेम उघडतो का ते बघा. पुण्यातला वनाझ–रामवाडी मार्ग पूर्ण उन्नत आहे, पण शिवाजीनगर ते स्वारगेट टप्पा भुयारी आहे, आणि नेटवर्क गेलं की ऑनलाइनच चालणारा गेम मध्येच लटकतो. ऑफलाइन खेळताना बहुतेक ॲडही येत नाहीत; त्या बघून मिळणारी बक्षिसं मात्र मिळत नाहीत.

आई-वडिलांच्या किंवा मुलांच्या फोनवर गेम टाकून देताना प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करा. खात्याला यूपीआय किंवा कार्ड जोडलेलं असेल तर एक चुकीचा टॅप पुरतो. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेकडे परतावा मागा.

तुकडे जुळवून रोख रक्कम जिंका अशी जाहिरात दिसली तर ते ॲप घेऊ नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणली आहे.

फोन बदलण्याआधी गेम खात्याशी जोडा. न जोडता काढून टाकला तर बहुतेक वेळा लेव्हल एकपासून सुरुवात करावी लागते, आणि विकत घेतलेले बूस्टरही परत येत नाहीत.