पहिल्या वर्षाची मुलं येण्याआधी: अभ्यास मदत केंद्राची तयारी

अभ्यास मदत केंद्र म्हणजे वरच्या वर्षातल्या मुलांनी अवघड विषयातल्या शंका सोडवून द्यायची जागा. ते उभं करताना सगळ्यात आधी परीक्षा विभागात जा आणि मागच्या तीन वर्षांचे पहिल्या वर्षाचे विषयवार निकाल काढून घ्या. खोली, फळा, टेबलं हे सगळं त्यानंतर. जिल्ह्याच्या ठिकाणच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या कागदांवर काय दिसणार ते शिकवणाऱ्या कुणालाही सांगायला नको: एम-वन (पहिल्या सेमिस्टरचं गणित), मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल. बहुतेकदा मुलांची केटी (नापास होऊन मागे राहिलेला विषय) याच विषयांपैकी एकात अडकलेली असते. तरीही निकाल समोर ठेवून मोजाच, कारण एखाद्या शाखेत भलताच विषय वर येतो. मग त्यातले दोन निवडा. सात विषयांना थोडं थोडं देत बसलात तर एकालाही पुरेसं देता येणार नाही.

केंद्र अवघड विषयासाठी चालवायचं, ‘कच्च्या’ मुलांसाठी नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. माझ्या मते बाकी सगळं यावर उभं राहतं. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेत 1973 मध्ये डिॲना मार्टिन यांनी ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ ही पद्धत सुरू केली, तिचा गाभा हाच होता. नापास होणारी मुलं शोधण्याऐवजी जास्त मुलं नापास होतात तो विषय शोधायचा आणि त्याच्या सत्रांना वर्गातल्या प्रत्येकाला दार उघडं ठेवायचं. आपल्याकडे नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीत ‘स्लो लर्नर’चा रकाना भरावा लागतो. तो फायलीत भरा, पण नोटीस बोर्डावर त्या नावाखाली रोल नंबर लावू नका. ज्याचा नंबर तिथे लागला, तो मित्रांच्या देखत त्या खोलीत पाऊल टाकत नाही. दोन टॉपर जिथे बसलेले दिसतात, तिथे बाकीची मुलंही येऊन बसतात.

टाइमटेबल कायम होण्याआधी टाइमटेबल बघणाऱ्या सरांना गाठा. संध्याकाळी पाचनंतरचा तास कागदावर सोयीचा दिसतो, पण निम्मी मुलं त्या वेळी एसटी स्टँडवर असतात. आजूबाजूच्या गावांकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा डेपोतून लिहून आणा. वर्गातली किती मुलं, विशेषतः किती मुली, त्या गाड्यांवर अवलंबून आहेत ते विचारून घ्या. प्रॅक्टिकलच्या बॅचमधला मोकळा तास किंवा जेवणाच्या सुट्टीला लागून पाऊण तास मिळाला तर तो लगेच टाइमटेबलात छापून घ्या. छापलेला तास कुणी सहज काढून घेत नाही.

खोली लायब्ररीच्या रीडिंग रूमजवळ असावी, प्राचार्यांच्या किंवा विभागप्रमुखांच्या केबिनशेजारी नको. चार मुलं समोरासमोर बसतील अशी टेबलं, हात पोचेल इतका खाली फळा, चालणारे पंखे, चार्जिंगचे प्लग. किल्ली दोघांकडे द्या, म्हणजे एकजण रजेवर गेला तरी कुलूप उघडेल.

आता ट्यूटर. इथे वेळ घाला, कारण केंद्र चालतं ते यांच्यावर. तिसऱ्या वर्षातली मुलं घ्या, पण नुसती मार्कशीट बघून घेऊ नका. ज्याला एम-वन पहिल्याच वाचनात कळलं, त्याला दुसरा कुठे अडतो हे अनेकदा दिसत नाही. ज्यानं तो विषय धडपडून सोडवला आणि चांगल्या मार्कांनी काढला, तो जास्त उपयोगी पडतो. निवड करताना मुलाखत नको. एक गणित द्या, समोर पहिल्या वर्षाचा मुलगा बसवा आणि दहा मिनिटं बघत राहा. पेन कुणाच्या हातात आहे, एवढंच बघा.

मेकॅनिक्समधलं शिडीचं गणित घ्या: गुळगुळीत भिंतीला टेकवलेली शिडी, खाली खडबडीत जमीन. मुलगा फ्री बॉडी डायग्राम (शिडीवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) काढतो, मध्यावर वजनाचा बाण खाली दाखवतो, जमिनीची रिॲक्शन आणि घर्षण दाखवतो, आणि भिंतीपाशी काहीच काढत नाही. समीकरणं जुळत नाहीत, तो खोडरबर उचलतो. घाईतला ट्यूटर इथे स्वतःच बाण काढून देतो. चांगला ट्यूटर विचारतो, ‘‘भिंत काढून घेतली तर शिडीचं काय होईल?’’ ‘‘पडेल.’’ ‘‘मग भिंत काय करतेय?’’ मुलगा थोडा थांबतो आणि शिडीच्या वरच्या टोकाला आडवा बाण स्वतः काढतो. भिंत गुळगुळीत असल्यामुळे तिथे उभा बाण का नाही, हेही मग तोच सांगतो. प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत ट्यूटरांकडून अशीच दहा-बारा गणितं करून घ्या. मराठीत समजवा, उत्तर मात्र परीक्षेच्या भाषेत लिहून घ्या, हेही त्यांना तेव्हाच सांगा. दहावीपर्यंत मराठीतून त्वरण आणि विभवांतर शिकलेल्या मुलाला तेवढा पूल हवाच असतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट बजावा: असाइनमेंट लिहून द्यायची नाही, जर्नल (प्रॅक्टिकलची वही) पुरं करून द्यायचं नाही.

ट्यूटरांना मानधन द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावानं ही योजना आजही चालते. आपल्या विद्यापीठाच्या योजनेत या कामाचे तास बसतात का, हे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना जूनमध्येच विचारा. नाही बसले तर प्राचार्यांकडे वेगळी तरतूद मागा. घरून पैसे न मागता शिकणारी मुलं फुकट शिकवायला वेळ देऊ शकत नाहीत, आणि नेमकी तीच मुलं या कामाला फार चांगली असतात.

डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचा विचार वेगळा करा. त्यांचे प्रवेश उशिरा होतात, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो, आणि एम-थ्री (दुसऱ्या वर्षाचं गणित) त्यांच्या अंगावर येऊन पडतं. त्यांच्यासाठी पहिल्या तीन आठवड्यांचं गणितातल्या इंटिग्रेशनचं छोटं सत्र आधीच आखून ठेवा.

मेंटॉर शिक्षकांची (ज्यांच्याकडे काही मुलं सोपवलेली असतात त्यांची) यादी केंद्राच्या वहीत असू द्या. पहिल्या इंटर्नलची (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेची) वाट बघू नका. चौथ्या आठवड्यापर्यंत दोन प्रॅक्टिकल बुडाली, किंवा जर्नलवर एकही सही नाही, एवढी खूण पुरे. मेंटॉरनं फोन करावा आणि आधी ‘‘घरी सगळं ठीक आहे ना?’’ असं विचारावं. डिफॉल्टर लिस्टचा (हजेरी किंवा काम अपुरं असलेल्यांच्या यादीचा) विषय नंतर काढावा.

फोनवर कळतं की पुष्कळदा अडचण मेकॅनिक्सची नसतेच. मुलगा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत असतो, जात पडताळणी रखडलेली असते, महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज परत आलेला असतो, किंवा बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं म्हणून शिष्यवृत्ती जमा होत नाही. तेव्हा शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या कारकुनांना आठवड्यातून एक दुपार केंद्रातच बसवा. मला हे ट्यूटरांइतकंच महत्त्वाचं वाटतं. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तरी कागद अपुरे राहिले म्हणून कुणी आधी पैसे भरत असेल, तर ते याच टेबलावर लक्षात येईल.

मन खचलेल्या मुलांसाठी ट्यूटरनं काय करायचं ते एका कागदावर लिहून द्या: ऐकायचं, ‘‘कुणाला सांगणार नाही’’ असं वचन द्यायचं नाही, एकटं सोडायचं नाही, समुपदेशकांकडे सोबत जायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिले आहेत. आपल्याकडे नेमणूक झालेली नसेल तर त्या निर्देशांची प्रत जोडून प्राचार्यांना लेखी द्या. दिव्यांग मुलांचे लेखनिकाचे आणि जादा वेळेचे अर्जही सेमिस्टरच्या सुरुवातीलाच भरून घ्या, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ नको.

नोंदवहीत सहीपेक्षा जास्त लिहा: कोणतं गणित, कुठे अडलं, पुढे काय ठरलं. नॅकसाठी जिओटॅग फोटो लागतातच, ते महिन्यातून एकदा काढा. मुलं शंका विचारत असताना फोटोसाठी त्यांच्यावर रोज मोबाइल रोखू नका.

इंटर्नलनंतर केंद्रात आलेल्या आणि न आलेल्या मुलांचे मार्क लावून बघा, पण बारावीचे किंवा सीईटीचे मार्क सारखे असलेल्यांचीच तुलना करा. नाहीतर मुळात अभ्यासू मुलंच येत होती की केंद्रामुळे फरक पडला, हे कळणार नाही. आणि एकदाच येऊन पुन्हा न फिरकलेल्या मुलांची नावं वहीतून काढून त्यांच्यातल्या काहीजणांशी बोला. वेळ जुळली नाही किंवा ट्यूटर घाईत होता, असं कुणी म्हणालं तर तो बदल त्याच आठवड्यात करा. ज्या विषयात अडलं होतं तो विषयच केंद्रात नव्हता, असं म्हणणारे बरेच निघाले तर पुढच्या सेमिस्टरचे दोन विषय ठरवताना निकालाशेजारी ही यादीही ठेवा.