बायपोलर घरात असेल तर चांगल्या दिवसांत काय काय करून ठेवायचं

दादाला पहिल्यांदा मॅनिया (बायपोलर आजारातला मूड चढण्याचा काळ) झाला तेव्हा आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो, हे आधीच सांगते. गणपतीचे दिवस, वर्गणी, सजावट, ढोल, हिशोब, मंडळाचं सगळं एकटा ओढत होता, रात्री दोन-अडीच तास झोपायचा आणि सकाळी आंघोळ करून एकदम फ्रेश. आई म्हणायची, काय उत्साह आहे पोराला. विसर्जन झालं, मांडव निघाला, पण दादा काही थांबेना. आठवड्याभरात दोन सेकंडहँड छोटा हत्ती बुक केले (अकोल्यात आमचं हार्डवेअरचं छोटं दुकान, महिन्याला पाच-सहा डिलिव्हऱ्या, त्याला दोन टेम्पो कशाला), मी पुण्यात, तर मला पहाटे तीनला फोन करून प्लॅन सांगायचा, आणि बाबांनी हटकलं तर जो माणूस आयुष्यात त्यांच्यापुढे आवाज चढवून बोलला नाही तो अंगावर धावून गेला.

याला आता नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत कळलेली मुख्य गोष्ट एकच, की माणूस वर (म्हणजे मॅनियात) गेलेला असताना किंवा खाली (म्हणजे डिप्रेशनमध्ये) गेलेला असताना तुमच्या हातात फार थोडं असतं. खरं काम मधल्या चांगल्या महिन्यांत करायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच घरातले सगळे "आता बरा आहे ना, कशाला विषय काढायचा" म्हणून गप्प बसतात. आम्हीपण बसलो होतो, दोनदा.

आधी हा आजार काय आहे ते. सकाळी खूश आणि संध्याकाळी चिडचिड, याला बायपोलर म्हणत नाहीत, ते तुमचं माझं सगळ्यांचं होतं. मॅनिया म्हणजे निदान आठवडाभर सलग चढलेला मूड किंवा भयंकर चिडकेपणा, सोबत कमी झोप, न थांबणारं बोलणं, डोक्यात विचारांची रेस, पैसे उधळणं, मीच काहीतरी मोठा आहे असं वाटणं (ॲडमिट करायची वेळ आली तर डॉक्टर दिवस मोजत बसत नाहीत). हायपोमॅनिया म्हणजे हेच, पण सौम्य, चारेक दिवस तरी टिकणारं, आणि हे तर बाहेरच्यांना चक्क आवडतं. डिप्रेशन दोन आठवडे किंवा जास्त, बऱ्याचदा कित्येक महिने. आणि एकूण हिशोब केला तर बहुतेक पेशंट वर असण्यापेक्षा खाली असण्यात जास्त काळ घालवतात, फक्त तो काळ कोणाला दिसत नाही कारण माणूस गुपचूप पांघरूण घेऊन पडलेला असतो. कधीकधी दोन्ही एकदम येतं, मन काळं आणि अंगात मात्र प्रचंड बेचैनी, ती अवस्था सगळ्यात धोक्याची.

डॉक्टरकडे जाताना आमची मोठी चूक झाली होती. त्या गणपतीच्या आधी दादा तीन-चार महिने खाली होता, दुकान उघडत नव्हता, आम्ही नेलं, रडतो, झोपून असतो एवढंच सांगितलं, डिप्रेशनची गोळी सुरू झाली. कॉलेजात असताना हाच माणूस दहा दिवस झोपेशिवाय हिंडत होता आणि मित्रांना हजारो रुपये वाटून आला होता, हे कोणी सांगितलंच नाही, कारण ते आजार म्हणून आमच्या लक्षातच नव्हतं. बायपोलर असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी माणसाला उलट वर ढकलू शकते, त्यात मंडळाची जागरणं, मग काय. म्हणून जायच्या आधी कागदावर लिहून न्या: आयुष्यात कधी असे "वरचे" दिवस होते का, कितव्या वर्षी, किती दिवस, तेव्हा झोप किती होती, घराण्यात कोणाला असं काही होतं का (आमच्याकडे एक काका "डोक्याने गेलेले" म्हणून ओळखले जायचे, बस, विषय संपला), दारू, गांजा, स्टेरॉइड, थायरॉइड. आणि पेशंट हो म्हणत असेल तर घरातल्या एकाने आत बसा. खाजगी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजला सायकिॲट्रीची ओपीडी असते, जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. मोठी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत, पण दर वेळी तिथपर्यंत जायची गरज नसते.

आता चांगल्या दिवसांतली कामं. पहिलं म्हणजे खुणांचा कागद, आणि तो पेशंटनेच सांगायचा, आपण नाही. दादाने स्वतः लिहून दिलंय: झोप पाच तासांच्या खाली येते आणि तरी थकवा नसतो, दिवसाला पंधरा स्टेटस, शाळेतल्या मित्रांना फोन, अत्तर. हो, अत्तर, एरवी तो लावत नाही. खाली जायच्या खुणा वेगळ्या: दाढी वाढते, गिऱ्हाइकाचा फोन उचलत नाही, चहा अर्धा सोडतो. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात, पण झोप जवळपास सगळ्यांच्यात असते, म्हणून झोपेवर नजर ठेवा. आमचा नियम, सलग दोन रात्री झोप कमी झाली आणि तरी माणूस टवटवीत, की डॉक्टरांना फोन, तिसऱ्या रात्रीची वाट बघायची नाही. लग्नसराई, नवरात्र, नाईट शिफ्ट, परीक्षेची जागरणं, रात्रभराचा ट्रॅव्हल्सचा प्रवास, या सगळ्याच्या आधी झोपेचं प्लॅनिंग करा.

दुसरं पैसे. यूपीआयची लिमिट कमी, क्रेडिट कार्ड वहिनीकडे, डीमॅट बंद, आणि अमुक रकमेवरची कुठलीही खरेदी असेल तर दोन दिवस थांबायचं. हे दादाने सही करून मान्य केलंय. वर गेल्यावर तो या कागदाला शिव्या देतो, पण सही त्याची असते, त्याने बराच फरक पडतो. गाडीची चावी कोण घेणार, डॉक्टरांना फोन कोण करणार, ॲडमिट व्हायची वेळ आली तर कुठे, हेही त्यातच लिहा. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये याची कायदेशीर सोय आहे, आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने बोलायला एक माणूस नेमू शकतो. आमच्याकडे ती वहिनी आहे, आई नाही, यावरून दोन महिने रुसवे-फुगवे झाले ते वेगळं.

एवढं करूनही माणूस वर गेलाच तर वाद घालू नका. टेम्पोचा धंदा कसा तोट्यात जाईल हे बाबा त्याला एक्सेल शीट काढून समजावत होते, काय उपयोग. छोटी वाक्यं, हळू आवाज, एका वेळी एकच जण बोला, आणि तोही असा ज्याचं तो ऐकतो (आमच्याकडे मामा). पाहुणे, टीव्ही, मोठे लाइट कमी करा. नाही म्हणण्यापेक्षा "सकाळी बघू" जास्त चालतं. चहातून गुपचूप गोळ्या देऊ नका, एकदा कळलं की विश्वास कायमचा जातो. मारामारीवर आलं तर पकडायला जाऊ नका, लहान मुलांना घेऊन बाजूला व्हा, ११२ लावा. आणि तो जे काही बोलला असेल ते नंतर उकरून काढू नका, त्याला त्यातलं बरंचसं आठवतं आणि त्याचीच त्याला इतकी लाज वाटते की त्यातच तो खाली जातो.

आजीने अंगारा आणला होता. आम्ही भांडलो नाही, अंगारा लाव आणि गोळीपण घे. पण ज्या बुवाने गोळ्या बंद करा सांगितलं त्याच्याकडे परत गेलो नाही.

खाली असताना "पॉझिटिव्ह विचार कर", "जरा फिरून ये", "तुला काय कमी आहे" हे तिन्ही बंद. त्यापेक्षा एकदम छोटं काम सोबत करा, वहिनी म्हणते चला फक्त शटर उघडून येऊ, बसायचं नाही. कधी दोघं जातात, कधी तो कुशीवर वळतो. आणि मरायचे विचार येतात का, हे सरळ त्याच शब्दांत विचारा. विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे, उलट माणसाला हलकं वाटतं. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, गोळ्यांचा साठा, फवारणीची औषधं (शेतीवाल्यांनो, हे आधी) घरातून हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानसचा (मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, घरच्यांनीही लावला तरी चालतो. हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडेही जपायचे असतात, तेव्हा सगळे सुटलो बुवा म्हणून ढिले पडतात.

गोळ्यांबद्दल थोडं लांबवते, कारण यावर कोणी नीट सांगत नाही. दादा लिथियमवर आहे. हे काही नवीन फॅड नाही, १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने मॅनियासाठी वापरलं तेव्हापासून चालू आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचं नाव आहे. पण रक्तातली लेव्हल सांभाळावी लागते, साधारण ०.६ ते ०.८, काहींना १ पर्यंत, आणि रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, म्हणजे टेस्टच्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर. सोबत किडनी आणि थायरॉइडच्या टेस्ट. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की ही लेव्हल चढते. आता विचार करा, अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन, किंवा निर्जळी उपास, किंवा कोणीतरी बीपीसाठी मीठ सोडायला सांगितलेलं, किंवा जुलाब. किंवा कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक, यांनीपण चढते, म्हणून दुखण्यावर काय घ्यायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून फ्रिजवर चिकटवा. लेव्हल जास्त चढल्याच्या खुणा म्हणजे हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब, असं काही दिसलं तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टर किंवा कॅज्युअल्टी, उद्यावर ढकलू नका. आणि बरं वाटतंय म्हणून एकदम बंद तर कधीच नाही, दादाने एकदा केलं, सहा आठवड्यांत परत वर.

पेशंट मुलगी किंवा सून असेल तर व्हॅलप्रोएट नावाच्या, बायपोलरवरच देतात त्या गोळीबद्दल मूल व्हायचा विचार करण्याच्या बराच आधी डॉक्टरांशी बोला, ती पोटातल्या बाळाला त्रासदायक आहे. बाळंतपणानंतरचे दिवस बायपोलरमध्ये फार नाजूक असतात, माहेरी शेक-मालिश-डिंकाचे लाडू सगळं होतं, पण रात्री बाळाला कोण बघणार आणि आई सलग झोपणार कधी हे ठरवलेलं नसतं. ते ठरवा.

"लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल" हे आम्हाला किमान वीस जणांनी सांगितलं. लग्न हा उपचार नाही. आणि लपवून तर करूच नका. दादाच्या वेळी आम्ही आधी सांगत होतो, दोन स्थळं गेली, तिसरी वहिनी. तिने पहिला प्रश्न विचारला होता, गोळी किती वाजता घेतो.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून अजून नीट होत नाही. दादा एकदा म्हणाला, मी जरा जोरात हसलो की तुम्ही सगळे एकमेकांकडे बघता. खरंय ते. तो चिडला की आम्ही लगेच "गोळी घेतलीस का" विचारतो, माणसाला साधं चिडायचीपण सोय ठेवली नाही. आता ठरलंय की कागदावरच्या खुणांपैकी निदान दोन दिसल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही, आणि उघडायचं ते फक्त वहिनीने.

यंदा मंडळात त्याच्याकडे नुसता हिशोब होता, ढोल नाही, रात्री अकराला घरी. विसर्जनाच्या दिवशी साडेबारा वाजले तेव्हा वहिनीने फोन केला, तर म्हणे आलोच, गल्लीच्या तोंडाशी आहे. होता खरंच. दुसऱ्या दिवशी दुकान अकरा वाजता उघडलं.