चाम प्रतिकाराचा इतिहास मुंबईत बसून कसा वाचावा

फोर्टमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात चंपाविषयी, म्हणजे आजच्या मध्य व दक्षिण व्हिएतनाममधल्या चाम लोकांच्या जुन्या राज्याविषयी, वाचायला बसण्यापूर्वी वहीत दोन वर्षे ठळक लिहून ठेवावीत : १४७१, जेव्हा व्हिएतनामी सम्राट ले थान्ह तोंग याने विजया ही राजधानी जिंकली, आणि १८३२, जेव्हा व्हिएतनामी सम्राट मिन्ह मांग याने चंपाचे उरलेले पांडुरंग राज्यही खालसा केले. (हे नाव दिसताच मराठी वाचक थबकतो; तरी पंढरपूरशी नाते जोडण्याची घाई करू नये.) त्यानंतरची चाम लोकांची दोन बंडे एकाच खात्यात टाकू नयेत, कारण १८३३ मध्ये उठलेल्या कातिप सुमातने इस्लामच्या नावाने हाक दिली, तर १८३४-३५ मध्ये जा थाक वा याने डोंगरी जमातींनाही सोबत घेऊन चंपाचे राज्य पुन्हा उभारण्याचा प्रयत्न केला.